दर महिन्याची देणगी

"पावत्या आणल्यात का?"

वकील मॅडमनी पहिला प्रश्न हाच विचारला. मी तोवर एक्स-रेचं मोठं पाकीट टेबलावर ठेवलं होतं. आत्याचा पाय कसा फिरला होता, पाठीवरची जखम केवढी होती, आम्हाला फोन किती उशिरा आला, यातलं आधी काय सांगायचं याची जुळवाजुळव मनात चालली होती. मॅडमनी पाकीट न उघडताच बाजूला सरकवलं आणि पावत्यांची फाईल पुढं ओढली.

फाईल आत्यानं लावलेली. निवृत्त शिक्षिकेची फाईल जशी असते तशी, तारखेप्रमाणे, प्रत्येक पावतीवर पेन्सिलीनं चेक नंबर. मॅडम एकेक पावती उलटत गेल्या. 'श्रीमती अमुक यांजकडून देणगीदाखल रुपये १६,००० साभार पोहोचले.' पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. खाली वृद्धाश्रम चालवणाऱ्या संस्थेचा शिक्का, धर्मादाय नोंदणी क्रमांक आणि हात जोडलेल्या आजीआजोबांचं चित्र.

"तुमच्या आत्या फारच दानशूर दिसतात," मॅडम म्हणाल्या. "दर महिन्याला न चुकता सोळा हजार, आणि दाखल होताना एकदम पन्नास. एवढं दान करणाऱ्या बाईला रात्री बाथरूमपर्यंत न्यायला कुणी नव्हतं?"

हे आत्याच्याही लक्षात आलं होतं म्हणे. पहिल्याच पावतीच्या वेळी तिनं व्यवस्थापकांना विचारलं होतं, की अहो, हे माझ्या राहण्याजेवण्याचे पैसे आहेत, देणगी कसली? त्यावर उत्तर मिळालं, "बाई, आपल्याकडं सगळ्यांना हीच पावती." गावाकडच्या माणसाला 'सगळ्यांना हीच' म्हटलं की पुढं बोलता येत नाही.

संस्थेचं नाव मी इथं लिहिणार नाही. प्रकरण अजून ग्राहक आयोगापुढं आहे. आणि मला जे लिहायचंय ते त्या एका संस्थेपुरतं नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळांत सगळी नोकरी झाली, लग्न केलं नाही. घर भिलवडीत, कृष्णेपासून फार लांब नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं त्या पुरात, तिच्या घरात माळ्यापर्यंत गाळ आला. तिनं घर धुतलं, रंगवलं, पुस्तकं गच्चीवर वाळवली. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा तिनं रंगाऱ्याला बोलावलं नाही. पुढचं वर्ष कसंबसं काढलं आणि मग आम्हाला न विचारता दोन-तीन वृद्धाश्रम स्वतःच पाहून आली. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दादा पुण्याला. तिनं आम्हाला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारलाच नाही. हीच जागा का, असं मी विचारलं तर म्हणाली, "तिथं वाचनालय आहे, आणि पोळ्या पातळ करतात."

माहितीपत्रकावर '२४ तास नर्सिंग केअर' असं ठळक छापलेलं होतं. तेही फाईलमध्ये होतं.

पडली ती रात्री, बाथरूमला जाताना. आम्हाला फोन आला तो नंतर कितीतरी उशिरा. "बाईंचा पाय जरा मुरगळलाय, मलम लावलंय, काळजीचं काही नाही. येणार असाल तर येताना त्यांची गरम शाल आणा." मी शाल घेऊन गेले. आत्या उताणी पडलेली, उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड, आणि पाऊल बाहेरच्या अंगाला कललेलं. मिरजेतल्या हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघायच्या आधीच सांगितलं, खुब्याचं हाड मोडलंय. मग मला विचारलं, "इतके दिवस कुठं होता?"

मिरजेत १८९४ साली विल्यम वॉनलेस यांनी मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं आणि तेव्हापासून या गावाची ओळखच दवाखान्यांचं गाव अशी झाली. पार कर्नाटकातून लोक इथं हाडं दाखवायला येतात. अशा गावात, रिक्षानं जाता येईल अशा अंतरावर डझनभर एक्स-रे मशीन असताना, माझी आत्या मोडलेल्या खुब्याला मलम लावून पडून होती. डॉक्टर म्हणाले, खुबा मोडला की शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन करायचं असतं. म्हातारं माणूस पडून राहिलं की छातीत कफ धरतो, पायात रक्ताच्या गाठी होतात, दर दोन तासांनी कुशीवर वळवलं नाही तर पाठीला जखमा होतात. तिच्या कमरेच्या खाली ती जखम सुरू झालेली होती. ऑपरेशन झालं, खुब्याचा गोळा बदलला, पण ती जखम भरायला ऑपरेशनच्या टाक्यांपेक्षा जास्त दिवस लागले.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तिचं मोल मला नंतर कळलं. दवाखान्यात आत्याबरोबर संस्थेच्या सुपरवायझर बाई आल्या होत्या. अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरनं केसपेपर घेऊन विचारलं, कधी आणि कुठं पडल्या? मी तोंड उघडायच्या आत सुपरवायझर बाईंनी सांगून टाकलं, "घरात. काल." आणि डॉक्टर लिहायला लागला. स्ट्रेचरवरून आत्याचा आवाज आला, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज: "खोटं आहे. खोडा ते." डॉक्टर दचकला. त्यानं ओळ खोडली, शेजारी सही केली आणि आत्यानं सांगितलं तसं लिहिलं: संस्थेच्या बाथरूमजवळ, रात्री, अमुक वारी, उचलायला पहाटेपर्यंत कुणी नाही. मग त्यानं विचारलं, "एमएलसी करायची का?" म्हणजे पोलिसांना कळवायचं का. आत्यानं आणि मी एकदमच हो म्हटलं. पोलीस येऊन जबाब घेऊन गेला.

वकील मॅडमनी तो केसपेपर भिंगातून बघावा तसा बघितला. "तुमच्या सगळ्या फाईलमध्ये सगळ्यात महाग कागद हा आहे," त्या म्हणाल्या. दाखल होताना सांगितलेली हकिगत पुढं कुणालाही सहजासहजी बदलता येत नाही. दवाखान्याची बाकीची कागदपत्रंही त्यांनी लगेच मागवायला लावली. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे, मागितल्यापासून ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात. आम्हाला मिळाल्या.

आता नातेवाइकांबद्दल. वकील गाठला म्हटल्यावर घरात जे बोललं गेलं ते मी आधीही कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकलेलं होतं, पण आपल्या बाबतीत ऐकताना वेगळं वाटतं. "एवढ्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात, कोण सांभाळतं आजकाल?" "पडायचं असेल तर माणूस घरातही पडतं." वहिनी म्हणाली, "त्या बिचाऱ्या बायका म्हाताऱ्यांचं सगळं काढतात, त्यांच्यावर केस करायची?" दादाचं म्हणणं व्यवहाराचं होतं. ऑपरेशनचा खर्च मागून घ्यावा आणि मिटवावं. संस्थेच्या एका विश्वस्तांनीही फोन केला. आवाज अतिशय मवाळ. म्हणाले, पुढचे दोन महिने देणगी घेणार नाही.

या सगळ्यात एक गृहीत धरलेलं आहे. संस्था उपकार करते आणि आपण ते घेतो. महिन्याला सोळा हजार मोजूनही आपण मिंधेच. मी याचा पुष्कळ विचार केला आणि मला वाटतं, आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर ठेवण्याची जी लाज असते ती या संस्थांच्या फार उपयोगी पडते. ज्याला आधीच मान खाली घालायची सवय झाली आहे तो माणूस रात्रपाळीला किती जण असतात हे विचारत नाही. देणगीची पावती बघूनही गप्प बसतो. संस्थाचालक वाईटच असतात असं मला म्हणायचं नाही. त्या विश्वस्तांनी स्वतःची जमीन संस्थेला दिलेली आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण जमीन दिली म्हणून रात्री माणूस ठेवायची जबाबदारी टळत नाही, आणि हे त्यांना विचारायची सोय आम्हाला कायद्याच्या वाटेनं गेल्यावरच झाली. नात्यागोत्यातून गेलो असतो तर चहा घेऊन परत आलो असतो.

वाटा तीन-चार होत्या, मॅडमनी सगळ्या समजावून सांगितल्या. ओळखीचे एक गृहस्थ आम्हाला सारखे "प्रांताकडं जा" म्हणत होते. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांपुढं न्यायाधिकरण चालतं, हे खरं. पण ते पोटगीसाठी, आणि ती मागायची मुलांकडून. मूलबाळ नसेल तर जे नातेवाईक मालमत्तेचे वारस होणार आहेत त्यांच्याकडून. "म्हणजे भिलवडीच्या घराचे वारस कोण?" मॅडमनी विचारलं. दादा आणि मी. "मग तिथं गेलात तर सामनेवाले तुम्हीच." हे आत्याला सांगितलं तेव्हा टाके दुखेपर्यंत हसली.

दुसरी वाट फौजदारी. जबाब झालेलाच होता. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १२५ आहे, निष्काळजीपणानं दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणं. त्यातून गंभीर दुखापत झाली, आणि हाड मोडणं कायद्यात गंभीर दुखापतीतच येतं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणखी एक कलम आहे जे मला मॅडमकडं बसेपर्यंत माहीतही नव्हतं, ३५७. वय कमी म्हणून, आजारामुळं किंवा शरीर थकल्यामुळं जो स्वतःचं बघू शकत नाही त्याची देखभाल करायचा करार घेऊन ती मुद्दाम न करणाऱ्याला शिक्षा. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम ४९१ होतं आणि दंड होता दोनशे रुपये. इंग्रजांच्या काळापासून २०२४ च्या जून अखेरपर्यंत दोनशे.

मी हे सगळं उत्साहानं वहीत उतरवून घेतलं आणि संध्याकाळी आत्याला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग पोलीस पकडणार कुणाला?"

त्या रात्री मजल्यावर एक मुलगी होती. जत तालुक्यातली, विशीतली, नवरा ऊसतोडीला जाणारा. तिच्या एकटीवर सगळा मजला. आत्या पडली तेव्हा ती दुसऱ्या टोकाच्या खोलीत एका आजोबांचे कपडे बदलत होती, आणि त्यानंतर तिला कुणी तरी खाली स्वयंपाकघरात पाठवलं. पहाटे आत्या दिसल्यावर ती रडायलाच लागली. "बाई, म्या एकटीच हुते वो." उचलून पलंगावर तिनंच ठेवलं, आणि सुपरवायझरला सांगितलंही तिनंच. तिला उत्तर मिळालं, गप्प बस, बघते मी.

"तिचं नाव घालणार असाल तर मी सही करत नाही," आत्या म्हणाली.

मला राग आला, हे कबूल करते. पण मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या की आत्याबाईंना कायदा तुमच्यापेक्षा बरा कळतो. फौजदारी प्रकरणात बोट बहुतेक वेळा शेवटच्या हाताकडं जातं, रात्री तिथं जो उभा होता त्याच्याकडं. रात्रपाळीला एकच माणूस ठेवायचं हे ज्यांनी ठरवलं ते बैठकीत बसलेले असतात. त्यांना उत्तर द्यायला लावायचं असेल तर ग्राहक आयोग. तिथं सामनेवाला म्हणजे संस्था. नोकराच्या हातून कामात झालेल्या चुकीला मालक जबाबदार, हे तत्त्व जुनं आहे, त्यासाठी मुलीला आरोपी करायची गरज नाही. तिला साक्षीदार मात्र करता येईल. तेही आत्यानं नको म्हटलं. नोकरी जाईल तिची.

म्हणून आमची वाट ठरली ती ग्राहक तक्रारीची. आणि तिथं पुन्हा त्या देणगीच्या पावत्या आडव्या आल्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, अमलात आला २०२० च्या जुलैत. त्यात मोफत दिलेली सेवा बसत नाही. मोबदला दिला असेल तरच ग्राहक. संस्थेच्या वकिलांनी आमच्या नोटिशीला जे उत्तर दिलं त्यातला पहिलाच मुद्दा हा होता, की आम्ही धर्मादाय संस्था, तक्रारदार या आमच्या देणगीदार, त्यांनी स्वेच्छेनं देणगी दिली आणि आम्ही निःशुल्क सेवा केली. गरीब वृद्धांनाही आम्ही फुकट ठेवतो.

मॅडमनी याला दोन उत्तरं तयार ठेवली होती. एक, सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल, इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते की नाही, याचा. त्यात न्यायालयानं म्हटलं आहे की सगळ्यांनाच फुकट तपासणारा दवाखाना कायद्याबाहेर, पण काहींकडून पैसे आणि काहींना फुकट असं जिथं असेल तिथं फुकट उपचार घेणाराही कायद्याच्या आत. म्हणजे 'आम्ही गरिबांना फुकट ठेवतो' हा त्यांचा बचाव त्या गरिबांनाच तक्रारीचा हक्क देऊन बसतो. हे मला फार आवडलं. दुसरं उत्तर माझ्या मोबाईलमध्ये होतं. बँकेच्या गडबडीत एका महिन्यात आत्याचे पैसे उशिरा गेले, तेव्हा संस्थेकडून व्हॉट्सॲपवर आलेला निरोप: 'आपली या महिन्याची देणगी अद्याप जमा झालेली नाही. कृपया आजच जमा करावी, अन्यथा खोली रिकामी करावी लागेल.' स्वेच्छा देणगीची अशी वसुली मी तरी आयुष्यात दुसरीकडं कुठं बघितलेली नाही.

उत्तराला त्यांनी दाखल होतानाच्या फॉर्मची प्रतही जोडली होती. अकराव्या ओळीत, 'निवासी पडल्यास, दुखापत झाल्यास अथवा मृत्यू झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.' खाली आत्याची सही. वळणदार. दादा ते वाचून म्हणाला, संपलं. मॅडम म्हणाल्या, अशी ओळ प्रत्येक फॉर्मवर असते, निष्काळजीपणा त्यानं धुतला जात नाही. करारच अन्यायकारक आहे अशी स्वतंत्र तक्रार करायची तर ती राज्य आयोगाकडं जाते, जिल्ह्याकडं नाही. आम्ही सेवेतल्या त्रुटीवरच थांबलो. कायद्यात त्रुटीची जी व्याख्या आहे तिच्यात निष्काळजीपणा आहेच, शिवाय ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हेही आहे. पडल्याचं वेळेवर न कळवणं आणि हाड मोडल्याचा संशय असताना 'मुरगळलंय' सांगणं, हे त्यात बसतं. माझ्या लेखी पडण्यापेक्षा हेच मोठं होतं. म्हातारी माणसं पडतात. पण पडलेलं माणूस लपवायचं कशाला?

सीसीटीव्ही मागितला तर रेकॉर्डरवर नव्यानं जुनं पुसलं गेलं असं कळवलं. ज्या कुणावर ही वेळ येईल त्यानं पहिल्याच दिवशी लेखी पत्र द्यावं, की अमुक रात्रीचं चित्रण जपून ठेवा, आणि पोच घ्यावी. पण जे मागितलं नव्हतं ते त्यांनी आपणहून पाठवलं. रोजच्या नोंदवहीच्या महिन्याभराच्या पानांच्या झेरॉक्स, काळजी किती चांगली घेतली हे दाखवायला. आत्याच्या नावापुढं दर रात्री एकच नोंद: 'शांत झोप.' एकच अक्षर, एकच पेन. पडली त्या रात्री 'शांत झोप.' खुबा मोडून विव्हळत होती त्या रात्रींनाही 'शांत झोप.' आणि मिरजेत ऑपरेशन होऊन ती दवाखान्याच्या खाटेवर होती त्या रात्रीही, संस्थेच्या वहीत, 'शांत झोप.'

वही तपासायची सवय असलेल्या बाईसमोर ही पानं ठेवल्यावर काय होणार? आत्यानं लाल पेन मागितला. झेरॉक्सवर तिनं एकेका नोंदीखाली रेघ ओढली आणि शेवटी समासात लिहिलं, 'नक्कल.' मॅडमनी ते पान तसंच ठेवून घेतलं, आयोगापुढं मात्र अर्थातच कोरी प्रत गेली.

तक्रारीच्या मसुद्याचंही तिनं तेच केलं. ऱ्हस्वदीर्घ सुधारले हे तर सोडाच. मसुद्यात एके ठिकाणी 'असहाय वृद्धा' असं होतं, ते तिनं खोडलं. मॅडमनी समजावलं की असे शब्द कायद्यात उपयोगाचे असतात. "मी असहाय नव्हते," आत्या म्हणाली, "मला हाक मारता येत होती आणि मी मारत होते. ऐकायला माणूस ठेवलेलं नव्हतं. तसं लिहा." तसंच लिहिलं गेलं.

आणखी दोन अर्ज झाले. माहिती अधिकारात दहा रुपयांचा स्टॅम्प लावून महापालिकेला विचारलं, ही जागा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदलेली आहे का? कायदा १९४९ चा, आणि त्यातल्या शुश्रूषागृहाच्या व्याख्येत आजारी आणि जखमी यांच्याबरोबर शरीरानं दुर्बळ झालेल्यांवर उपचार आणि त्यांची शुश्रूषा जिथं होते ती जागाही येते. उत्तर आलं, नोंद नाही. संस्थेचं म्हणणं, आम्ही नर्सिंग होम नाही, वृद्धाश्रम आहोत. मग माहितीपत्रकावरचं '२४ तास नर्सिंग केअर' काय? यावर उत्तर नाही. खरं तर वृद्धांच्या निवासगृहांची सक्तीनं नोंदणी आणि त्यांचे किमान निकष असावेत म्हणून २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक २०१९ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. म्हणून आज रात्रपाळीला किती माणसं ठेवायची हे संस्थेची बैठक ठरवते.

पैशाची भीती घालणारे पुष्कळ भेटतात, म्हणून तेवढं सांगून टाकते. ग्राहक तक्रारीची फी मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, आपण सेवेसाठी दिलेल्या पैशावर ठरते, आणि ती रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. आत्याची जेमतेम त्याच्या आत बसली. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करायची, आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. पुण्यामुंबईच्या मुलांनी सांगलीतल्या आईबापांसाठी हे लक्षात ठेवावं, फक्त तक्रारदार कोण हे नीट ठरवावं. पैसे आत्याच्या पेन्शनमधून जात होते, त्यामुळं तक्रारदार तीच. मी नुसती अधिकारपत्र घेऊन हजर राहणारी. आणि बाई माणसाला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, १९८७ च्या कायद्यानं. आत्याच्या शेजारच्या खोलीतल्या आजींच्या सुनेला मी हे सांगितलं, १५१०० नंबरही दिला. त्या सासूला तिथून काढून घेऊन गेल्या, अर्ज मात्र केला नाही. त्यांना मी दोष देत नाही.

तक्रार ई-जागृतीवर, म्हणजे ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर, दाखल झाली. सामनेवाल्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढं एकही दिवस नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० साली ठरवून टाकलंय. त्यांनी शेवटच्या आठवड्यात उत्तर दिलं. कायदा म्हणतो, तक्रार शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढा. ते 'शक्यतो' आयोगाच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे.

आत्या आता वॉकर घेऊन चालते. माझ्या इमारतीतच तळमजल्यावर एक खोली भाड्यानं मिळाली, दिवसा एक बाई येते, रात्री मी खाली झोपते. ही सोय किती दिवस चालेल हे आम्हा दोघींनाही सांगता येत नाही, आणि ती मधूनमधून दुसऱ्या एका वृद्धाश्रमाची चौकशी करत असते. परवा तिथला फॉर्म मागवून घेतला. त्यातही अकरावी नाही तर नववी ओळ तीच होती. तिनं व्यवस्थापकांना फोन करून तीनच प्रश्न विचारले: रात्री एका मजल्यावर किती जणी, मी पडले तर माझ्या भाचीला फोन किती वेळात, आणि पावतीवर काय लिहिता. ते म्हणाले, विश्वस्तांना विचारून सांगतो.

आयोगानं मागच्या तारखेला मध्यस्थीचा पर्याय ठेवला. दोन्ही बाजूंनी लेखी हो म्हटलं तरच ती होते. संस्था तयार आहे. ऑपरेशनचा सगळा खर्च आणि वर काही रक्कम देऊ, म्हणतात, त्रुटी होती असं मात्र कुठं लिहिणार नाही. आत्यानं रकमेबद्दल काही विचारलं नाही. तिच्या अटी मॅडमनी टाईप करून घेतल्या आहेत: प्रत्येक मजल्यावर रात्री दोन माणसं, कुणीही पडलं तर तासाभरात नातेवाइकांना फोन आणि डॉक्टर, त्या जतच्या मुलीला कामावरून काढायचं नाही, आणि जे पैसे राहण्याजेवण्याचे त्याची पावती राहण्याजेवण्याची. दादाला हे हट्टाचं वाटतं. मॅडमना वाटतं चार अटींतल्या दोन मिळतील. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.